अक्कांची चोरचोळी

महादेवीअक्का कुजबुजायला लागल्या की आमच्या गल्लीतले लोक टीव्हीचा आवाज कमी करायचे. त्या मोठ्याने बोलल्या तर कुणी लक्ष देत नसे, कारण मोठ्याने त्या दिवसभरच बोलत. पण पदर तोंडाशी धरून, इकडंतिकडं बघून त्या "तुला म्हनून सांगते" असं म्हणाल्या, की ती गोष्ट गल्लीच्या टोकाला असलेल्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू जायची. गिरणी चालू असली तरी जायची.

सोलापूरच्या पूर्व भागातली ही गल्ली. एका अंगाला तेलुगू विणकरांची घरं, दुसऱ्या अंगाला मुसलमानांची, मधे अक्कांसारखी दोन-तीन लिंगायत घरं आणि अक्कांच्या माडीवर भाड्याने आम्ही दोघं. माझा नवरा विनोद माढ्याच्या शाळेत शिक्षक. मी चिंचोळी एमआयडीसीत, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात. आता आम्ही टेंभुर्णीला राहतो. इथले शेजारी फार चांगले आहेत, दार लावून राहतात, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. मला अजून त्यांची सवय झालेली नाही.

अक्का ब्लाऊज शिवायच्या. घरासमोरच्या ओट्यावर मशीन, मशीनवर जुन्या साडीचं झाकण, भिंतीला एक आरसा आणि आरशाच्या आजूबाजूला बायका. ठेंगणा, गोल बांधा, कपाळावर विभूती, गळ्यात मापाची टेप. ती टेप त्या झोपतानासुद्धा काढत नाहीत असं मल्लप्पाकाका सांगत. म्हणजे काका सांगत नसत, आपण विचारलं की ते मान हलवत. काका वीज मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झाले होते. आयुष्यभर खांबावर चढून एकट्यानं काम केल्यामुळे असेल किंवा अक्कांशी लग्न केल्यामुळे असेल, बोलायची सवय त्यांना लागलीच नव्हती.

अक्कांचा एक ठाम सिद्धांत होता. बाईला दिवस गेले की पहिल्यांदा ते तिच्या ब्लाऊजला कळतं, मग अक्कांना, मग डॉक्टरला आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याला. "दंडात घट्ट झालं तर दिवाळी झाली समजायचं. पाठीत घट्ट झालं तर माहेराला जाऊन आली समजायचं. आनि छातीत घट्ट झालं की..." इथं त्या थांबायच्या. टेपची दोन्ही टोकं धरून एकदा ओढायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "हाय."

पुढचा शब्द त्या कधीच उच्चारत नसत. दृष्ट लागते, असं त्यांचं मत. "श्रावणी हाय." "काय आहे?" "हाय म्हंजे हाय." एवढ्यावर ज्याला कळायचं त्याला कळलं पाहिजे. बाकी या बाबतीत मराठीत जितके शब्द आहेत त्या सगळ्यांवर त्यांची काही ना काही तक्रार होती. मी एकदा सहज 'गरोदर' म्हणाले तर त्यांनी दातातली सुई काढून माझी शाळा घेतली. "गरोदर म्हंजे दवाखान्याच्या भिंतीवर लिवतेत त्ये. गरोदर मातांनी हितं बसावं. तिथल्या बाकड्यावर तासभर बसलं की पुरुष मानूसबी गरोदर दिसतंय."

"मग गर्भवती म्हणायचं का?"

"गर्भवती पोथीतल्या. त्यांच्या पोटाला देवच येतेत. आपल्या पेठेत आजवर एकबी गर्भवती झालेली न्हाय."

'पोटुशी' म्हाताऱ्यांचा शब्द, 'दोन जिवाची' दूधवाल्याचा. तो आपल्या म्हशीलासुद्धा दोन जिवाची म्हणायचा आणि अक्का त्याला सुनावायच्या, "म्हस गाबन असतीया की रं! तिला बी कशाला लाजवूलालास?" 'प्रेग्नंट' हा शब्द त्यांच्या मते फक्त नोकरीवाल्या बायकांचा, तोही रजा हवी असेल तेव्हाचा. विनोदच्या पुण्यातल्या चुलतभावाने एकदा फोन करून "आम्ही प्रेग्नंट आहोत" अशी बातमी दिली. मी ती खाली येऊन सांगितली. अक्कांचा मशीनवरचा पाय थांबला. "दोगंबी?" त्या म्हणाल्या. "मग सैपाक कोन करतंय?"

गल्लीत तर या एका गोष्टीला चार भाषा होत्या. समोरच्या पद्माबाई 'कडुपुतो उन्नदि' म्हणायच्या, शेजारच्या रझियाभाभी 'पेट से है' म्हणायच्या, अक्कांच्या अक्कलकोटच्या बहिणी 'बसुरी' म्हणायच्या. अक्कांना चारही भाषा यायच्या आणि चारही भाषांत त्या फक्त टेप ओढायच्या.

सिद्धांत ठाम असला तरी तो खरा ठरायचाच असं नाही. पद्माबाईंची सून श्रावणी ही त्याची मोठी साक्षीदार. एका उन्हाळ्यात तिचे ब्लाऊज दोनदा सैल करावे लागले. शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, भरपूर सोडायची अक्कांची पद्धत, त्यामुळे काम सोपं होतं, पण अक्कांनी टेप ओढली. आता आमच्या भागात काही घरांतून चोरचोळीची चाल आहे. तिसऱ्या महिन्यात, कुणाला काही सांगायच्या आधी, हिरवा खण आणि नारळ गुपचूप त्या बाईच्या ओटीत घालायचा. पुढे सातव्यात वाजतगाजत डोहाळजेवण होतंच, पण ही पहिली चोळी चोरून. अक्कांनी ती इतकी चोरून दिली की श्रावणीलाही कळू दिलं नाही. ती भाजी घेत असताना तिच्या पिशवीत कोथिंबिरीखाली खण-नारळ सरकवून त्या निघून आल्या.

घरी पिशवी पद्माबाईंनी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी करीमनगरहून श्रावणीच्या माहेरची माणसं आली, लाडवांचे डबे घेऊन. श्रावणी बिचारी सगळ्यांच्या पाया पडत रडत होती, आणि ते आनंदाश्रू आहेत असं समजून पाहुणे आणखी लाडू भरवत होते. शेवटी तिनं ओरडून सांगितलं, की मी फक्त आंबे खाल्लेत. त्यानंतर ती रोज सकाळी तलावावर फिरायला जाऊ लागली आणि इतकी बारीक झाली की सगळे ब्लाऊज परत आत घ्यावे लागले. तेही अक्कांनीच घेतले. "माझं माप चुकलेलं न्हाय," अक्का म्हणाल्या. "आंब्याचं चुकलं."

हे सगळं मी हसत सांगते आहे, कारण ते दुसऱ्याच्या बाबतीत होतं. माझ्या बाबतीत मात्र मला अक्कांची भीती वाटत होती, आणि तिला कारण होतं.

आदल्या वर्षी मला दिवस गेले तेव्हा आम्ही दोघांनी आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ऑफिसात पेढे, माढ्याच्या शाळेत पेढे, गल्लीत पेढे. पुढे थोड्याच दिवसांत ते संपलं. दवाखान्यातून घरी आले, रडले. तेवढं पुरलं असतं. पण ज्यांना ज्यांना पेढा दिला होता त्यांना परत सांगणं बाकी होतं. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, कॅन्टीनमधल्या मावशी, विनोदचे हेडमास्तर. "कितवा चाललाय?" असं कुणीतरी हसून विचारायचं, मी सांगायचे, मग त्यांचा चेहरा पडायचा आणि मीच त्यांना म्हणायचे, "असू द्या हो, होतं असं." असे कित्येक महिने गेले. त्यामुळे पुन्हा दिवस गेले तेव्हा मी विनोदला शपथ घातली, चौथा महिना लागून डॉक्टरीणबाई 'सगळं ठीक' म्हणेपर्यंत कुणालाही कळता कामा नये. माझ्या आईलासुद्धा नाही. पुन्हा त्या सगळ्या चेहऱ्यांना धीर देत हिंडायची ताकद माझ्यात नव्हती.

आणि दुसऱ्याच महिन्यात माझे ब्लाऊज घट्ट झाले. दुसऱ्या शिंप्याकडं जावं तर मालकीणबाईला सोडून गेले म्हणून गल्ली विचारणार. शेवटी एका दुपारी ओट्यावर कुणी नाही असं बघून मी खाली गेले. अक्कांनी माप घेतलं. टेप छातीवर आली आणि तिथंच थांबली.

"हाय?"

"पित्त आहे, अक्का."

"पित्त छातीच्या घेराला बसत न्हाय, पोरी."

मी त्यांचा हात घट्ट धरला आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा अक्कांना खरोखर हळू बोलताना ऐकलं. "सिद्धरामाची आन," त्या म्हणाल्या. "ह्या कानाचं त्या कानाला न्हाय."

त्यांनी शब्द पाळला, यात शंका नाही. अडचण एवढीच झाली, की गुपित कसं ठेवायचं याचा त्यांना जन्मात सराव नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या कुणी न विचारता माझ्याविषयी सांगू लागल्या. "सुजाताला काय न्हाय हं. निस्तं पित्त हाय." रझियाभाभी ब्लाऊजची बटणं मागायला आल्या तर त्यांना बटणांच्या आधी माझं पित्त मिळालं. माझ्यासाठी कडक भाकरी न्यायची झाली तर त्या ती वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, वर पदर घ्यायच्या, जिन्यात दोनदा मागे वळून बघायच्या आणि खालून येणाऱ्या माणसाला म्हणायच्या, "कुटं काय? मी काय नेऊलाले न्हाय." मी ओकत असले की त्या खाली मिक्सर लावायच्या. रिकामा. पहिल्या आठवड्यातच पद्माबाईंनी मला विचारलं, की अक्कांची तब्येत बरी आहे ना.

तिसरा लागला तसा अक्कांनी चोरचोळीचा विषय काढला. माझ्या माहेरी बाबांनी ओट्या भरणं वगैरे केव्हाच बंद केलं होतं. आमच्याकडं पंचशील म्हणतात, खीर करतात आणि जेवायला वाढतात. मी म्हटलं, "अक्का, आमच्या घरी ही चाल नाही."

"न्हाय तर न्हाय की," अक्का म्हणाल्या. "चोरून तर द्यायची असतीया. कुनाच्या घरी चाल हाय, कुनाच्या न्हाय, कोन बघाय येतंय?"

मी हो म्हणून टाकलं.

हिरवा खण आणायला त्या स्वतः गेल्या. वाटेत ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून लांबच्या दुकानात गेल्या, आणि तिथं रझियाभाभी आपल्या बहिणीबरोबर आधीच बसलेल्या होत्या. संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून गल्लीत आले तर ओट्यावर सभा भरली होती. मधे अक्का, त्यांच्या मांडीवर खणाची पुडी, भोवती पाच-सहा बायका.

"किसके वास्ते लाए जी?" रझियाभाभी विचारत होत्या. "बोलो ना. हमसे क्या छुपाना?"

"एवरिकि?" कुणासाठी, म्हणून पद्माबाई तेलुगूत विचारत होत्या आणि लगेच स्वतःच नावं घेत होत्या. "माझी श्रावणी न्हाय. तिचं तर सगळं सपाट झालं. मग कोन? कोपऱ्यावरची नवी सून? ती तर गेल्या म्हैन्यात आली..." आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. उन्हानं आणि बसच्या डिझेलच्या वासानं माझा चेहरा लिंबासारखा झाला असणार. एकेक करून सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मला परत ते सगळे पेढे दिसले.

"सुजाता," पद्माबाई म्हणाल्या, "तू तर..."

"माज्यासाठी हाय," अक्का म्हणाल्या.

"काय तुमच्यासाठी?"

अक्का उठून उभ्या राहिल्या. गळ्यातली टेप त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. "मी हाय."

अक्का तेव्हा साठीला टेकल्या होत्या. ओट्यावर अशी शांतता पसरली की पिठाच्या गिरणीचा पट्टा ऐकू यायला लागला. त्याच वेळी मल्लप्पाकाका हातात चहाची बशी घेऊन दारात आले. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं. ते अक्कांकडं बघत राहिले, मग बशीकडं बघितलं, बशी उंबऱ्यावर ठेवली आणि परत आत गेले. त्यानंतर जो हशा उठला तो पलीकडच्या गल्लीतून लोक बघायला येईपर्यंत चालला. माझ्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. मी जिना चढून वर गेले आणि दार लावून, तोंडात पदर घालून, हसत होते का रडत होते ते मलाच कळलं नाही.

अक्कांना वाटलं होतं चार दिवस हसतील आणि मग दुसरं काही सापडेल. पण सोलापुरात यापेक्षा चांगलं काही त्या हंगामात घडलंच नाही. मग अक्काही सोंग पुरतं वठवायला बसल्या. एक हात कमरेवर ठेवून चालायच्या. चिंच मागून खायच्या. मशीनवर बसताना "यव्वा" म्हणायच्या. दुसऱ्या पेठांतल्या बायका नुसत्या बघायला येऊ लागल्या आणि येताना लाज नको म्हणून ब्लाऊजपीस घेऊन येऊ लागल्या, त्यामुळे अक्कांचं काम दुपटीनं वाढलं. रझियाभाभींना अधूनमधून खरंच वाटायचं. "आजकल होता जी," त्या गंभीरपणे सांगायच्या, "मोबाइल पे आता." घरोघर फिरून गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी आशाताई एकदा चौकशीला आल्या, पोट धरून हसल्या आणि चहा पिऊन गेल्या.

खरे हाल झाले ते काकांचे. ते रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर एक चहा घ्यायचे, तेवढंच त्यांचं बाहेरचं जग. तिथं माणसं त्यांना उठून जागा द्यायला लागली. कुणी पाठीवर थाप मारायचं, कुणी "काका, कुठली भस्मं घेता?" विचारायचं, एकानं तर त्यांच्या नावानं खजूर आणून ठेवला. काका चहा प्यायचे, पैसे ठेवायचे, घरी यायचे. अक्कांना त्यांनी काही विचारलं नाही. मीच एकदा जिन्यात त्यांना गाठलं आणि म्हटलं, "काका, माझ्यामुळं तुम्हाला फार त्रास होतोय." ते एक पायरी खाली उतरले, पुन्हा वर आले. मग म्हणाले, "खजूर चांगला हाय. तुला देतो," आणि खरंच पुडी आणून माझ्या हातात ठेवली.

चोरचोळी त्या गडबडीतच झाली. दुपारी अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावून दार लावलं. पण अक्का घरात आणि मशीन बंद, म्हणजे गल्लीला संशय येणार. म्हणून त्यांनी काकांना ओट्यावर मशीनला बसवलं. "निस्तं पाय मारा," असं त्यांना बजावलं होतं. काकांनी पाय मारले, पण हात रिकामे ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आत अक्का माझ्या ओढणीत खण, नारळ, तांदूळ घालत होत्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानडीत काहीतरी पुटपुटत होत्या, मी नुसती उभी होते, आणि बाहेर काका तालात मशीन चालवत होते. आम्ही दार उघडलं तेव्हा त्यांनी पद्माबाईंच्या जरीच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या तोंडाशी शिवून बंद केल्या होत्या. टाका मात्र अगदी सरळ होता.

मग बायकांनी ठरवलं, की आता अक्कांची ओटी भरायची. थट्टेतच. ओट्यावर खुर्ची मांडली, तिच्यावर पद्माबाईंची रेशमी साडी टाकली. रझियाभाभी गजरा घेऊन आल्या. श्रावणी हिरव्या बांगड्या घेऊन आली, तिचा तर सूड होता. हसत-खिदळत त्यांनी अक्कांना ओढून खुर्चीवर बसवलं. मीही तिथं होते, मागे, भिंतीशी. अक्काही पहिल्यांदा हसत होत्या. "नारळ मोठा आना गं, दोगांचा हाय," असं म्हणत होत्या. पण पद्माबाईंनी कुंकू लावलं, "पदर धरा" म्हणाल्या, आणि अक्कांनी पदर पुढे केला तो दोन्ही मुठींत घट्ट धरून.

अक्कांना मूल नव्हतं. गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं, आणि इतकी वर्षं माहीत होतं की कुणाच्या ध्यानातच नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या डोहाळजेवणांच्या चोळ्या त्यांनी शिवल्या होत्या. चोळी पोचवायच्या, भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि ओटी भरायची वेळ आली की "गिऱ्हाईक आलंय" म्हणून निघून यायच्या. त्या खुर्चीवर त्या आयुष्यात पहिल्यांदा बसल्या होत्या. रझियाभाभींच्या ते एकदम लक्षात आलं असावं. त्या गजरा माळता माळता थांबल्या, आणि मग फार हळुवार हातांनी त्यांनी तो परत माळला. कुणीच हसेना. मला इतकं वाईट वाटलं की पुढे होऊन सगळं सांगून टाकावं असं मनात आलं. मी एक पाऊल टाकलंही. अक्कांनी माझ्याकडं असे डोळे वटारले की मी परत भिंतीला चिकटले.

"नाव घ्या, अक्का," श्रावणीला काहीतरी म्हणायचं म्हणून ती म्हणाली.

अक्कांनी घसा साफ केला. "कडक भाकरी, शेंगाची चटनी, वर घातलं तेल, मल्लप्पांचं नाव घेते, ह्या वयात अजून काय काय हुईल!"

आणि मग सगळ्या हसल्या, अक्काही हसल्या आणि डोळे पुसले ते हसण्यानंच, असं सगळ्यांनी मानून घेतलं.

चौथा महिना लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मी धावत घरी आले आणि अक्कांच्या गळ्यात पडले. "आता सांगते सगळ्यांना," मी म्हटलं.

"दम धर की," अक्का म्हणाल्या. "आदी मला मोकळी हुंदे." त्या ओट्यावर गेल्या, कमरेवरचा हात काढला आणि पदर तोंडाशी न धरता, आपल्या खऱ्या आवाजात, म्हणजे गिरणीच्या पलीकडे जाणाऱ्या आवाजात, जाहीर केलं, "बायांनो, डॉक्टर म्हनले, माजं काय न्हाय. ग्यास हुता!"

आठवडाभर गल्ली त्यावर हसली. मग मी माझी बातमी सांगितली. पद्माबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग अक्कांकडं, मग बोटांवर महिने मोजले आणि एक लांबलचक "अय्यो" म्हणाल्या. रझियाभाभींनी जाऊन अक्कांना मिठीच मारली. "बड़ी चोर है जी तुम," त्या म्हणाल्या. अक्का म्हणाल्या, "सोड की, सुई लागंल."

मुलगी झाली तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. विनोद दवाखान्यातून निघून पेढे आणायला गल्लीत गेला. पेढ्यांचं दुकान नुकतंच उघडलं होतं, आणि दुकानदार म्हणाला, तुमच्या घरमालकांनी आत्ताच मोठा डबा नेला. विनोद कोपऱ्यावरच्या टपरीशी आला तर मल्लप्पाकाका तिथं उभे होते. स्वच्छ धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. ते बाकावरच्या एकेका माणसासमोर डबा धरत होते. ज्यांनी भस्मं विचारली होती, ज्यांनी खजूर आणला होता, सगळ्यांसमोर.

"काय काका, झालं का शेवटी?" कुणीतरी सवयीनं विचारलं.

"झालं," काका म्हणाले. "पोरगी झाली."

"कुणाला?"

"घरात," काका म्हणाले.

विनोद सांगतो, की टपरीवर कुणी हसलं नाही. एकानं उठून काकांच्या पायाला हात लावला आणि मग सगळ्यांनी पेढा घेतला.

ही हकिगत अक्कांच्या कानावर गेली तेव्हा त्या माझ्या खाटेशेजारी बसल्या होत्या. त्या भयंकर संतापल्या. म्हातारा येडा झालाय, म्हणाल्या. कुणी सांगितला होता उद्योग? लोक काय म्हणतील? आता परत गावभर हसू करून घेतलं, इतके दिवस तोंडात गुळणी धरून बसला आणि बोलला तर हे बोलला. नर्स आली आणि बाळाला पाजायची वेळ झाली म्हणाली. अक्का तिच्यावरही ओरडल्या. पुन्हा काकांच्या विषयाकडं वळल्या, त्यांच्या टोपीचा, धोतराचा, मोठ्या डब्याचा उद्धार केला. नर्स दोनदा येऊन गेली. मी हात पुढे करून वाट बघत होते. अक्का तावातावानं बोलत राहिल्या, आणि पोरगी काही त्यांनी मांडीवरून खाली दिली नाही.